दीन मोहम्मदचे दोन धंदे: लंडनची खानावळ आणि ब्रायटनचा वाफारा

20 एप्रिल 1813 च्या लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये नोकरी मागणारी एक छोटी जाहिरात आहे. जाहिरातदार सांगतो: मी मोहम्मद, पूर्वीच्या हिंदुस्तानी कॉफी हाउसचा. एखाद्या सद्‌गृहस्थाच्या कुटुंबात बटलरचं काम हवं, किंवा एकट्या राहणाऱ्या गृहस्थाकडे खाजगी नोकराचं. बाजारहाट चांगली जमते, मुदपाकखाना सांभाळता येतो, शहरात की खेड्यात याबद्दल हरकत नाही.

हा माणूस तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. पदरी बायको आणि मुलं होती. तीन वर्षांपूर्वी याच माणसाने लंडनमध्ये हिंदी मालकाचं पहिलं हिंदी रेस्टॉरंट काढलं होतं, आणि पुढच्या दहाएक वर्षांत तो इंग्लंडच्या राजाचा अंगमर्दनतज्ज्ञ होणार होता. मधल्या टप्प्यावर मात्र त्याची ही जाहिरात आहे.

शेख दीन मोहम्मदची गोष्ट सहसा अर्धी सांगतात. खाण्यावर लिहिणारे त्याच्या रेस्टॉरंटपाशी थांबतात, शाम्पूचा इतिहास लिहिणारे ब्रायटनपासून सुरुवात करतात. परक्या देशात छोटा धंदा काढू पाहणाऱ्याने दोन्ही अर्धे एकाच वहीत मांडून पाहायला हवेत. माणूस तोच, बायको तीच, देश तोच, दोन धंद्यांमध्ये अंतर जेमतेम चार वर्षांचं. एक धंदा दोन वर्षांत बुडाला आणि दुसरा पाव शतक चालला. इतकी सरळ तुलना करायला मिळणारी उदाहरणं फार नसतात.

गाठीला काय होतं

1759 मध्ये पाटण्यात जन्म. बाप ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होता, तो लढाईत गेला. दहा-अकरा वर्षांचं पोर गॉडफ्रे इव्हान बेकर नावाच्या तरुण आयरिश अधिकाऱ्याच्या मागे लागलं आणि छावणीबरोबर फिरत फिरत सुभेदारापर्यंत चढलं. 1782 मध्ये बेकरने कंपनीची नोकरी सोडली, तशी यानेही सोडली. 1784 मध्ये दोघे आयर्लंडमधल्या कॉर्क गावात उतरले. बेकर घराणं तिथलं बडं. दोन वर्षांत बेकर वारला, पण तोवर मोहम्मदचे पाय तिथे रोवले गेले होते. त्याने शाळेत जाऊन इंग्रजी पक्कं केलं, अँग्लिकन पंथ स्वीकारला आणि 1786 मध्ये जेन डेली या आयरिश मुलीशी लग्न केलं. लखनौचा प्रवासी मिर्झा अबू तालिब 1799 मध्ये कॉर्कला गेला होता, त्याने आपल्या प्रवासवर्णनात या माणसाची, त्याच्या बायकोची आणि देखण्या मुलांची नोंद करून ठेवली आहे.

कॉर्कमध्ये त्याने केलेली एक गोष्ट धंद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. 1794 मध्ये त्याने आपल्या प्रवासांचं पुस्तक काढलं. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेलं हे पहिलं पुस्तक. ते छापण्याआधी त्याने वर्तमानपत्रातून जाहिरात देऊन आगाऊ वर्गणीदार जमवले आणि 320 नावं मिळवली. म्हणजे गिऱ्हाईक आधी, माल नंतर. छपाईचा धोका त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतला नाही. हा धडा त्याला 1794 मध्ये ठाऊक होता, आणि 1810 मध्ये त्याने नेमकं उलट केलं.

1807 च्या सुमारास कुटुंब लंडनला आलं. आल्या आल्या त्याने धंदा काढला नाही, हे त्याचं शहाणपण. त्याने आधी नोकरी धरली. बेझिल कॉक्रन नावाचा कंपनीचा माजी अधिकारी मद्रासेत नौदलाला रसद पुरवण्याची कंत्राटं घेऊन गबर झाला होता आणि पोर्टमन स्क्वेअरमधल्या घरी त्याने वाफाऱ्याचं स्नानगृह उभारलं होतं. तिथे मोहम्मद कामाला लागला. वाफेनंतर अंग चोळून, रगडून देण्याची पद्धत, म्हणजे आपली चंपी आणि मालिश, त्याने तिथे जोडून दिली असं मानतात.

त्या काळी हिंदुस्थानातून लंडनला पोचणारी माणसं कोण होती हेही ध्यानात घ्यायला हवं. जहाजांवरचे लास्कर खलाशी, साहेबांच्या पोरांबरोबर आलेल्या आया, आणि काही फिर्यादी. आपल्याकडच्या वाचकाला ही तिसरी जात ओळखीची आहे: राघोबादादांचे वकील 1781 मध्ये तिथे पोचले होते, आणि साताऱ्याच्या गादीसाठी झगडणारे रंगो बापूजी 1840 च्या दशकात तिथेच कर्जात बुडत होते. दुकान मांडून बसावं या इराद्याचा हिंदी माणूस जवळजवळ नव्हताच. त्यामुळे मोहम्मदला विचारायला कुणी नव्हतं. अगोदर केलेल्या माणसाचे चार अनुभव ऐकून घेणं ही गोष्ट आज परदेशात गेलेल्या कुणालाही एका फोनवर मिळते, त्याला ती मिळणं शक्यच नव्हतं.

जॉर्ज स्ट्रीट, 1810

पोर्टमन स्क्वेअरच्या आसपास कॉक्रनसारखे बरेच ‘नबाब’ राहत. हिंदुस्थानात पैसा करून परतलेल्या इंग्रजांना लंडनकर थट्टेने हे नाव देत. तिथे हुक्क्याची सवय लागलेली, पुलावाची चव जिभेवर बसलेली. मोहम्मदचा हिशेब सरळ होता: गिऱ्हाईक इथे राहतं, आपणही इथेच. 1810 मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी कॉफी हाउस उघडलं. नाव कॉफी हाउस असलं तरी कॉफीचा तिथे फारसा संबंध नव्हता. बसून खाण्यापिण्याच्या सभ्य जागेला लंडनमध्ये तेव्हा तसं म्हणत.

1811 मध्ये ‘टाइम्स’मध्ये दिलेल्या जाहिरातीत तो सरदार-दरकदारांना आणि सद्‌गृहस्थांना कळवतो की जागा नीटनेटकी सजवली आहे, इथे अस्सल चिलमीच्या तंबाखूचा हुक्का मिळेल आणि इंग्लंडात आजवर झालेल्या कुठल्याही करीपेक्षा सरस करी मिळेल, सोबत उंची मद्यं. वेताच्या खुर्च्या आणि कोच, भिंतीवर हिंदुस्थानातली दृश्यं, हुक्क्यासाठी वेगळी खोली. आगाऊ कळवलं तर हिंदी जेवण घरपोच देण्याचीही सोय होती. आज कुणी याला ‘संकल्पना’ म्हणेल आणि गुंतवणूकदारापुढे रंगीत स्लाइड दाखवेल.

दर काय होते? 2018 मध्ये लंडनच्या दुर्मिळ पुस्तकांच्या एका प्रदर्शनात या कॉफी हाउसचं हस्तलिखित दरपत्रक विक्रीला आलं. त्यात चिकन करी 12 शिलिंग आहे आणि अननसाचा पुलाव 1 पौंड 16 शिलिंग. पौंडाचे 20 शिलिंग. शेतमजुराला आठवड्याला मिळणारी मजुरी तेव्हा साधारण चिकन करीच्या दराच्याच आसपास फिरत होती. अननस इंग्लंडात काचघरात, कोळसा जाळून पिकवावा लागे, म्हणून तो दर. तर हे बड्यांचं ठिकाण होतं, आणि त्या बड्यांपैकीही हिंदुस्थान पाहून आलेल्यांचं.

वर्षभरातच त्याने शेजारचं घरही घेऊन जागा वाढवली आणि एक भागीदार आणला. 1812 मध्ये दिवाळं निघालं. त्या वेळच्या इंग्रजी कायद्यात दिवाळखोरी ही व्यापाऱ्यांपुरती सवलत होती. इतर कर्जदार सरळ कर्जदारांच्या तुरुंगात जात. मोहम्मद व्यापाऱ्यात मोडत होता, म्हणून मालमत्ता घेणेकऱ्यांत वाटून सुटला. त्या वाटपाचं काम पुढच्या वर्षीपर्यंत चाललं, आणि त्याच वर्षी ती बटलरची जाहिरात आली.

बुडालं कशामुळे

नेहमीचं उत्तर असं की लंडन हिंदी जेवणाला तयार नव्हतं. मला हे पटत नाही. हॅना ग्लासच्या 1747 च्या पाककृतींच्या पुस्तकात करीची कृती आहे. 1773 मध्ये हेमार्केटजवळच्या नॉरिस स्ट्रीट कॉफी हाउसमध्ये करी मिळत होती. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे दिवाळं निघाल्यावरही हिंदुस्तानी कॉफी हाउस बंद पडलं नाही. मोहम्मद बाहेर पडला, दुसऱ्यांनी ते चालवायला घेतलं, आणि ते 1833 पर्यंत चाललं. तीच जागा, तीच कल्पना. जेवण चालत नव्हतं म्हणावं तर मग ही वीस वर्षं ते कसं चाललं?

चुकलं ते गिऱ्हाईक ओळखण्यात, आणि ओळखलेलं गिऱ्हाईक येईपर्यंत तग धरण्यात.

ज्याला पुलाव हवा होता आणि परवडत होता त्या नबाबाच्या घरी बहुधा हिंदुस्थानातून आणलेला स्वयंपाकी होता, हुक्का भरणारा माणूस होता. त्याला घराबाहेर पडून चार चौकांवर जाऊन तेच खाण्याची गरज काय? त्याला घराबाहेर हवी असायची ती हिंदुस्थानातल्या जुन्या सोबत्यांची बैठक, बातमी, जहाजांच्या येण्याजाण्याची खबर. ती सगळी शहराच्या पूर्वेला, कॉर्नहिलजवळच्या जेरुसलेम कॉफी हाउससारख्या अड्ड्यांवर मिळे, लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या मुख्यालयापासून चालण्याच्या अंतरावर. मोहम्मदने दुकान काढलं ते गिऱ्हाईक झोपतं त्या पेठेत; दिवसभर बसतं ती पेठ निराळी होती.

आणि ज्याने हिंदुस्थान पाहिलाच नव्हता, तो बाजूच्या रस्त्यावरचा सुखवस्तू इंग्रज? जाहिरात वरवर सगळ्या बड्यांना होती, पण जागा सजवली होती ती ‘इंडियन जंटलमेन’साठी, म्हणजे हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबांसाठी. परदेशात गेलेल्या आपल्या माणसाने आपल्या माणसांसाठीच दुकान काढावं ही ओढ स्वाभाविक आहे, आणि गिऱ्हाईक पुरेसं असेल तर ती चुकीचीही नाही. इथे ते पुरेसं नव्हतं, आणि होतं तेही घरी जेवून यायचं.

पैशाचं मात्र सगळ्यात वाईट झालं. पहिलं घर भरतंय की नाही हे कळण्याआधी दुसरं घेतलं. दोन घरांचं भाडं, वेताचं फर्निचर, मद्याचा साठा, आणि बड्या गिऱ्हाइकांना उधारी देण्याचा त्या काळचा रिवाज. काळही वाईट निवडला गेला. 1810 मध्ये ब्रिटनमध्ये व्यापारी पेच आला. नेपोलियनने युरोपची बंदरं ब्रिटिश मालाला बंद केलेली, 1811 भर मंदीत गेलं, पेढ्या बुडत होत्या, पाव महागला होता. खिशात दोन वर्षांचा खर्च असता तर कदाचित त्यानेच 1833 पर्यंत दुकान चालवलं असतं. त्याच्यामागून आलेल्यांना बसवलेली जागा आणि झालेलं नाव आयतं मिळालं.

इथे दीड शतक पुढची एक गोष्ट शेजारी ठेवावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर सिल्हेटच्या खलाशांनी लंडनमधली बॉम्बने मोडलेली खाद्यगृहं, तळलेल्या मासळीची दुकानं स्वस्तात घेतली. त्यांनी मासळी-बटाटे विकणं बंद केलं नाही. जुनं गिऱ्हाईक मासळी घ्यायला येत राहिलं, बाजूला करी शिजत राहिली, आणि रात्री दारूच्या गुत्त्यांतून उठून आलेला इंग्रज हळूहळू तिकडे वळला. आज ब्रिटनमधली बहुसंख्य ‘इंडियन’ रेस्टॉरंटं ज्या बांगलादेशी कुटुंबांची आहेत, त्यांची सुरुवात अशी होती. वेत नाही, अननस नाही. मोहम्मदने वरच्या टोकाकडून सुरुवात केली, यांनी खालच्या. भांडवल नसलेल्याला वरचं टोक परवडत नाही, हे मला या प्रकरणातलं सर्वांत स्पष्ट दिसणारं उत्तर वाटतं.

ब्रायटन

1814 मध्ये मोहम्मद कुटुंब दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला गेलं. गावाची निवड योगायोगाने झाली की हिशेबाने, ते असो. पण हिशेबाने केली असती तरी याहून बरं गाव सापडलं नसतं.

ब्रायटन मूळचं कोळ्यांचं गाव. 1750 मध्ये रिचर्ड रसेल या डॉक्टरने समुद्राच्या पाण्याने व्याधी बऱ्या होतात असा ग्रंथ लिहिला आणि श्रीमंत आजारी लोक तिकडे लोटले. 1783 मध्ये युवराज जॉर्ज आला आणि त्या गावाच्या प्रेमातच पडला. 1801 च्या शिरगणतीत गावची वस्ती सात हजारांच्या थोडी वर होती, 1831 मध्ये चाळीस हजारांवर गेली. या गावात येणारा माणूस खिशात पैसे, अंगात संधिवात आणि हातात रिकामा वेळ घेऊनच येत होता. बरं करून देतो म्हणणाऱ्याला तो स्वतः शोधत होता. त्यातून 1815 पासून जॉन नॅशने युवराजाच्या महालावर हिंदुस्थानी थाटाचे घुमट चढवायला घेतले. ज्या गावात राजवाडाच हिंदुस्थानी दिसू लागला तिथे हिंदुस्थानी हमाम काढणाऱ्याला आणखी काय हवं?

सुरुवात लहान होती. डेव्हनशायर प्लेसवरच्या एका स्नानगृहात तो काम करू लागला. सोबत दातांचं हिंदी मंजन आणि केसांचा कलप विकत होता. इथे दोन घरांचं भाडं नव्हतं, मद्याचा साठा नव्हता. भांडवल म्हणजे दोन हात, थोड्या जडीबुटी आणि एक तंबू. हा तंबू फलालिनचा. रुग्णाला आत बसवायचं, औषधी वनस्पतींची वाफ आत सोडायची, आणि तंबूच्या कापडाला जोडलेल्या बाह्यांतून हात घालून बाहेरूनच त्याचं अंग रगडायचं. वाफ जात नाही, आणि चोळणारा रुग्णाला उघडा पाहत नाही. त्या काळच्या इंग्रजी लाजेला हा तोडगा किती चपखल होता! आपल्याकडे न्हाव्याने ओट्यावर बसवून केलेली चंपी जशीच्या तशी तिथे नेऊन भागलं नसतं. त्याने क्रिया हिंदी ठेवली आणि मर्यादा इंग्रजी.

वाफाऱ्यावरच्या पुढच्या पुस्तकात तो सांगतो की नवी गोष्ट मांडणाऱ्याची सुरुवातीला थट्टाच होते, आणि त्याचीही झाली. त्यावर त्याने केलं ते असं: ज्यांना दुसऱ्या कुणाचा गुण आला नव्हता अशा रुग्णांना त्याने आधी फुकट उपचार दिले. बरे झाले त्यांच्याकडून पत्रं घेतली. जे कुबड्या टाकून चालत गेले त्यांच्या कुबड्या भिंतीवर टांगल्या. 1820 मध्ये बऱ्या झालेल्यांच्या हकिकतींचं पुस्तक काढलं, 1822 मध्ये वाफारा आणि अंगमर्दन यांवरचं मोठं पुस्तक, त्याच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या. कॉर्कमध्ये शिकलेली युक्ती इथे परत आली: बड्या नावांची यादी जमव, छाप, आणि पुढच्या बड्या माणसाला दाखव. अभिप्रायवह्या दोन ठेवल्या होत्या, एक बायकांची, एक पुरुषांची.

बायकांच्या विभागाचं काम जेन पाहत होती. या प्रकरणातलं तिचं वजन पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून दिसत नाही, पण तिच्याशिवाय निम्मं गिऱ्हाईक आलंच नसतं. जॉर्ज स्ट्रीटवर तिच्या वाट्याला काय काम होतं ते कागदोपत्री दिसत नाही. ब्रायटनमध्ये ती धंद्याची दुसरी बाजू होती. परदेशात तिथल्याच माणसाशी संसार आणि धंदा दोन्ही करणाऱ्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

1821 मध्ये समुद्रासमोर ‘मोहम्मद्स बाथ्स’ उभं राहिलं. पुढच्या वर्षी जॉर्ज चौथ्याने, जो आता राजा झाला होता, त्याला ‘शाम्पूइंग सर्जन’, म्हणजे चंपी-मालिशचा शल्यवैद्य, ही पदवी दिली. त्याच्यानंतरच्या विल्यम चौथ्यानेही ती चालू ठेवली. दरबारी पोशाखात, कंबरपट्टा बांधून, घोड्याच्या शर्यतींना जाणारा मोहम्मद ब्रायटनकरांच्या नजरेत भरत असे. वेष हाही धंद्याचा भाग होता. लंडनमध्ये त्याची ओळख नबाबांना घरच्यासारखी होती, म्हणून तिला किंमत नव्हती. ब्रायटनमध्ये ती अनोळखी होती, म्हणून तिला दर मिळाला. पहिल्या धंद्यात त्याने ओळखीचा माल ओळखीच्या गिऱ्हाइकाला विकायला काढला. दुसऱ्यात अनोळखी माल, पण तो ज्या दुखण्यावर लागू होता ते दुखणं प्रत्येकाच्या ओळखीचं.

नक्कल करणारेही आलेच. गावात वाफाऱ्याची आणखी स्नानगृहं निघाली, कुणी तुर्की नाव लावलं, कुणी हिंदी. मोहम्मदने पुस्तकातून बजावलं की अस्सल हात आपलाच.

खोटं जन्मसाल

एक गोष्ट सोडून दिली तर हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. 1822 च्या पुस्तकात मोहम्मद आपला जन्म 1749 चा सांगतो, आणि तरुणपणी वैद्यकीचं शिक्षण घेऊन फौजेत शल्यवैद्य होतो असं सूचित करतो. 1794 चं त्याचं स्वतःचंच पुस्तक वाचलं की कळतं, तेव्हा तो बेकरच्या मागे फिरणारं पोर होता. वैद्यकी शिकायला वयात जागाच नव्हती, म्हणून त्याने दहा वर्षं वाढवून घेतली. हा खोटेपणा इतका टिकला की त्याच्या थडग्यावरही 101 वर्षांचं वय कोरलेलं आहे.

त्या काळी ते खपलं, कारण तपासायला यंत्रणाच नव्हती. डॉक्टरांची सरकारी नोंदवही ब्रिटनमध्ये 1858 च्या कायद्याने सुरू झाली. आज तिथे मालिशकेंद्र किंवा आयुर्वेदाचं दुकान काढणाऱ्या कुणी आपल्या नावापुढे ‘सर्जन’ लिहिलं तर गाठ कायद्याशी पडेल. तरी मला यात निव्वळ फसवणूक दिसत नाही. मालिशने आखडलेले सांधे मोकळे होतात, हे खरंच होतं. गिऱ्हाईक त्यासाठीच परत येत होतं. ज्याला त्याच्या हुनरासाठी त्या समाजात शब्द नव्हता, त्याने त्या समाजाला मान्य असलेला शब्द उचलला. समर्थन करत नाही. का केलं ते मात्र समजतं.

जागा कोणाची

दुसरा धंदाही अखेर हातातून गेलाच, आणि त्याचं कारण पहिल्याशी जुळतं. समुद्रासमोरची इमारत मोहम्मदची नव्हती. पैसा भागीदाराचा होता, नाव आणि हात मोहम्मदचे. 1841 मध्ये भागीदार वारला आणि मालमत्ता लिलावात निघाली. पाव शतक राजेरजवाड्यांना रगडून मिळवलेल्या पैशातून ती सोडवून घेण्याएवढी रक्कम त्याच्याकडे नव्हती. मुलंबाळं मोठी, राहणी थाटाची, दानधर्म सढळ. स्वतःच्या नावाच्या स्नानगृहात तो भाडेकरू ठरला आणि पुढे तेही गेलं. आज त्या जागेवर क्वीन्स हॉटेल आहे.

1841 हेच वर्ष लंडन–ब्रायटन रेल्वेचंही. आगगाडीने सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा साधा माणूस किनाऱ्यावर आला, आणि महिनाभर मुक्काम ठोकून वाफारा घेणारा बडा माणूस दुसरीकडे वळू लागला. राणी व्हिक्टोरियाला हे गाव आवडलं नाही. 1850 मध्ये तो घुमटांचा महाल गावालाच विकला गेला. समजा इमारत मोहम्मदची असती, तरी धंदा ओसरलाच असता. पण मग विकायला त्याच्या हाती इमारत उरली असती, आणि समुद्रासमोरच्या जागेचं मोल ओसरत्या धंद्यातही चढत जातं.

भाड्याच्या जागेचं हे दुखणं जुनं आहे आणि ताजंही. 1926 पासून रीजंट स्ट्रीटवर असलेल्या ‘वीरास्वामी’ला ब्रिटनमधलं सगळ्यात जुनं चालू भारतीय रेस्टॉरंट म्हणतात. त्याचाही 2025 मध्ये जागेच्या मालकाशी, म्हणजे राजघराण्याच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटशी, भाडेकरार न वाढवण्यावरून वाद उभा राहिला. शंभरीला आलेलं नाव, पण पायाखालची फरशी दुसऱ्याची. परदेशी माणसाला कर्ज आणि मालकी दोन्ही उशिरा मिळतात, म्हणून तो नाव आधी कमावतो. नावाची कमाई सोबत नेता येते हे खरं. मोहम्मदने ती पाटण्याहून कॉर्कला, कॉर्कहून लंडनला, लंडनहून ब्रायटनला नेली. पण ती तारण ठेवून त्याला लिलावात बोली लावता आली नाही.

समुद्रासमोरची जागा गेल्यावर ब्लॅक लायन स्ट्रीटवरच्या एका लहान घरात जेन आणि तो काम करत राहिले, तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. जेन 1850 च्या डिसेंबरात गेली, तो पुढच्या फेब्रुवारीत. मुलांपैकी काहींनी लंडनमध्ये सेंट जेम्सजवळ वडिलांच्या पद्धतीची स्नानगृहं चालवली, एकाने ब्रायटनमध्ये तालीम काढून मुष्टियुद्ध आणि तलवारबाजी शिकवली. त्या तालीमवाल्याचा मुलगा फ्रेडरिक अकबर मोहम्मद लंडनच्या गाइज रुग्णालयात डॉक्टर झाला आणि रक्तदाबावरच्या त्याच्या कामासाठी वैद्यकाच्या इतिहासात त्याचं नाव आहे. आजोबांनी वय वाढवून मिळवलेली पदवी नातवाने परीक्षा देऊन मिळवली.